अगस्तीची दुसरी पाळी

स्वतःच लिहिलेलं वाचायला परमुलखात जावं लागणं, ही नामुष्की माझ्याखेरीज आणखी कुणाच्या वाट्याला आली असेल तर त्यानं मला जरूर कळवावं. मी सोलापुरात एका शाळेत शास्त्र शिकवतो आणि उरलेल्या वेळात एका मासिकासाठी गोष्टी लिहितो. त्यातली एक गोष्ट तीन वर्षं चालली. ‘अगस्ती’ तिचं नाव. अगस्ती म्हणजे ताऱ्यांकडे निघालेली एक नौका; तिच्यावर कप्तान उदयराव आणि सहा खलाशी. दर महिन्याला त्यांच्यावर एक संकट यायचं आणि दर महिन्याला ते त्यातून सुटायचे. यापेक्षा जास्त विचार मी त्या नौकेचा कधी केला नव्हता, हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढं काय झालं ते वाचताना तुम्ही मला उगाच थोर समजणार नाही.

लढाईमुळं कागद मिळेनासा झाला. मासिक बारीक होत होत पंचांगाएवढं उरलं आणि संपादकांचा निरोप आला, की अगस्ती आता दोन पानांत उरका. मी उरकली. नौकेची दिशा चुकवली, ती एका परक्या सूर्यात नेऊन घातली, एका बैठकीत सात माणसं जाळली आणि जेवायला उठलो.

जेवताना आठवलं, की कप्तानाला एक धाकटा भाऊ होता. तो नौकेवरच होता, की वाटेत कुठं उतरला, की आधीच मेला, काही केल्या आठवेना. घरचे जुने अंक वाळवीनं खाल्लेले. छापखान्यात विचारलं तर त्यांनी रद्दीच्या ढिगाकडं बोट दाखवलं. संपादक म्हणाले, “पहिल्या अंकापासूनचा संच ठेवणारा एकच वर्गणीदार मला माहीत आहे. अणदूरचे नीलकंठअप्पा. निजामाच्या राज्यात.” मी अप्पांना पत्र टाकलं, की संच टपालानं धाडा, पाहून परत करतो. उत्तर आलं : ‘संच आहे. टपालाने धाडणार नाही. आपण यावे. नौकेच्या पुढील सेवेसंबंधानेही बोलणे आहे.’

नौकेची पुढील सेवा म्हणजे काय, मला कळेना. पण शनिवार-रविवारला जोडून एक सुट्टी आली होती. बायको म्हणाली, “जाऊन या एकदाचे. त्या भावाचं नाव घरात निघायचं तरी थांबेल.”

मोटार आणि नाका

पेट्रोल सगळं लढाईला गेलेलं, त्यामुळं आमची मोटार कोळशावर चालत होती. मागच्या अंगाला एक उभी टाकी, तिच्यात कोळसा पेटवलेला आणि त्यातून निघणाऱ्या धुरावर इंजिन. असं इंजिन चालतं, हे मी पोरांना फळ्यावर आकृती काढून शिकवतो. ते कसं चालतं हे त्या दिवशी कळलं. जरा चढ आला की क्लीनर खाली उतरून टाकीचा पंखा गरागरा फिरवायचा आणि आम्ही सगळे उतरून मोटार ढकलायचो. नळदुर्गच्या अलीकडं माझा पांढरा कोट कोळशाच्या पोत्यासारखा झाला होता. शेजारी खिळ्यांचं पोतं घेऊन एक गृहस्थ बसले होते. साठीला टेकलेले, मेंदी लावलेली दाढी. त्यांचं नाव चाँदभाई. अणदूरचे नालबंद, म्हणजे बैलांना नाल ठोकणारे. पोतं त्यांनी माझ्या पायावर ठेवलं होतं. मी पाय काढला की ते आणखी सरकायचं.

“हे इंजिन ज्यानं बनवलं ना,” ते मला म्हणाले, “त्येला एक रोज बैलामागं चालवा. मंग कळंल, चालनं म्हंजे काय.”

मी मान डोलावली. त्या दिवसात कुणाशी पटलं असेल तर तेवढ्याच वाक्यापुरतं चाँदभाईंशी.

हे ढकलणं सुरू होण्याआधी, हद्दीवर, करोडगिरीचा, म्हणजे निजामाच्या जकातीचा, नाका लागला होता. तो मी मुद्दाम मागं ठेवला, कारण सगळा घोळ तिथं झाला. आमच्या इंग्रजी हद्दीत पिशवी बांधली की ती घरी जाऊनच सुटते. निजामाच्या हद्दीत शिरताना ती सोडून दाखवावी लागते. नाक्यावरचा अमलदार तरुण होता आणि अतिशय अदबशीर होता. अशा माणसावर धड चिडताही येत नाही. त्यानं माझं धोतर, पंचा, दाढीचं सामान बाजूला ठेवलं आणि भावाचा पत्ता लागेपर्यंत अडवून ठेवलेलं अगस्तीच्या शेवटाचं हस्तलिखित हातात घेतलं.

“ये क्या है?”

“गोष्ट आहे. किस्सा.”

“किसका?”

“एका नौकेचा.”

त्याला मराठी बोललेलं कळत होतं, वाचता येत नव्हतं. आणि हातानं लिहिलेला कागद वाचून घेतल्याशिवाय आत सोडायचा नाही, असं त्याचं म्हणणं. “मेहरबानी करून पढून दाखवा,” तो म्हणाला. मग मी भर रस्त्यात, उन्हात उभा राहून, वीस प्रवासी आणि एक शेळी यांच्यापुढं अगस्तीचा शेवट वाचून दाखवला. नौका सूर्यात पडते त्या ठिकाणी माझा आवाज थोडा चढला, ते खोटं कशाला सांगू?

“सब मर गए?” अमलदारानं विचारलं.

“सगळे.”

“नौका सरकारी थी?”

“ते ठरवलेलं नाही.”

“मालिक कौन?”

“मीच म्हणा.”

त्यानं रजिस्टरात उर्दूत चांगल्या चार-पाच ओळी लिहिल्या, त्याखाली माझी सही घेतली आणि पिशवी परत बांधून दिली. गाडीत बसलो तर चाँदभाई माझ्याकडं टक लावून बघत होते.

“तुमी ते अगस्तीवाले मास्तर हाव?”

“हो,” मी म्हणालो. मला बरं वाटलं. सोलापुरात मला कुणी ओळखत नाही.

“आन् जाळली?”

“जाळली.”

“कायकू?”

“कागद नाही.”

मग चढ आले, मोटार ढकलणं आलं, ते इंजिनवाल्याचं बोलणंही झालं. पण नळदुर्ग मागं पडल्यावर चाँदभाईंनी माझ्या पायावरचं पोतं उचललं आणि पुढच्या बाकावर जाऊन बसले.

अणदूर

मोटार थांबली तशी चाँदभाई माझ्या आधी उतरले आणि त्या वयाला न शोभणाऱ्या वेगानं गावात शिरले. मी अप्पांचं दुकान विचारत विचारत पोचलो तोवर अगस्ती जळाल्याची बातमी दुकानात येऊन बसली होती. नीलकंठअप्पांचा भुसार मालाचा व्यापार. कपाळाला भस्म, अंगात स्वच्छ बंडी, बोलणं मोजकं. मी जणू मौतीहून आलो होतो, अशा नजरेनं त्यांनी माझ्या काळ्या कोटाकडं पाहिलं.

“आदी जेवून घ्या,” म्हणाले. “बाकीचं मागनं.”

आत त्यांच्या पत्नी गौराव्वा यांनी “बर्री, कूडरी,” म्हणून पाट मांडला. माजघरात कानडी, दुकानात मराठी आणि कचेरीचा माणूस आला की उर्दू, असा त्या घरचा रिवाज होता. आमच्या सोलापुरातही कानडी कमी नाही, पण एका घासात तीन भाषा मी इथंच ऐकल्या. पानात ज्वारीचे धपाटे आणि येसराची आमटी. धान्य आणि मसाला भाजून दळलेलं ते येसर इतकं चवदार होतं, की तिखटानं ठसका लागेपर्यंत मी वाटी संपवली होती. “तिखट झालं न्हाय न्हवं?” गौराव्वांनी विचारलं आणि मला बोलता येईना म्हणून ‘नाही’ असा अर्थ घेऊन आणखी एक पळी वाढली.

जेवणानंतर अप्पांनी लाकडी पेटी आणली. आत धुतलेल्या फडक्यात बांधलेला माझा सगळा संच. मी हात पुढं केला तर अप्पांनी झाकण लावलं.

“आदी देवळाकडं चला. मंडळी जमल्यात.”

अणदूरचा खंडोबा जागृत, हे ऐकून होतो. म्हटलं, चला, त्या निमित्तानं दर्शन घडेल. तर देवळाच्या दारात अप्पा म्हणाले, “देव न्हाईत.”

“नाहीत म्हणजे?”

“नळदुर्गला गेल्यात. दोन म्हयनं तिकडं असत्यात.”

देव दोन गावांत मिळून एकच. वर्षातला बराचसा काळ तो अणदूरला असतो आणि थंडीत नळदुर्गला जातो. जाताना आणि येताना दोन्ही गावचे मानकरी समोरासमोर बसतात आणि लेखी करार करतात. दिला कुणी, घेतला कुणी, परत कधी, सगळं कागदावर. आमच्याकडं देव एकदा बसला की बसला. इथं तो ठरल्या मुदतीनं बदलीवर जातो आणि त्याचा ताबा सहीनिशी दिला-घेतला जातो. मला मौज वाटली. ही मौज माझ्यावरच शेकणार आहे, हे अजून कळायचं होतं.

ओवरीत वीसेक माणसं बसली होती. अप्पांनी लाल कापडात बांधलेली एक लांबट वही सोडली आणि माझ्या पहिल्या अंकातलं एक वाक्य वाचलं : ‘ही नौका एकशे आठ वर्षे सेवेत राहील.’

“हे तुमी लिवलंय,” अप्पा म्हणाले.

मी लिहिलं होतं. एकशे आठ हा आकडा कानाला बरा वाटतो, म्हणून लिहिला होता.

“कप्तानाचं वय चाळीस. मंग एकशे आठ वरसं चालवनार कोन?”

हा प्रश्न मला तीन वर्षांत एकदाही पडला नव्हता. दर महिन्याला ओवरीत अंक ऐकणाऱ्या या मंडळींना तो पहिल्या महिन्यातच पडला होता आणि त्यांनी तो सोडवूनही टाकला होता. देवळातल्या पुजाऱ्यांच्या पाळ्या असतात तशा नौकेच्या पाळ्या. बारा वर्षांची एक, म्हणजे एकूण नऊ. पहिली उदयरावांची. उरलेल्या आठ पाळ्या त्यांनी गावात वाटल्या होत्या. दुसरीपासून चौथीपर्यंत जिवंत माणसांची नावं. पाचवीत आज पाळण्यात असलेली पोरं. सहावीपासून नववीपर्यंतची माणसं अजून जन्माला यायची होती, म्हणून तिथं नुसती घरं लिहिली होती : अमक्याच्या घरातला एक, तमक्याच्या घरातला एक. नालबंद मात्र प्रत्येक पाळीत चाँदभाईंच्याच घरचा.

“लोखंड एकशे आठ वरसं चालतं व्हय, मास्तर, बिगर दुरुस्तीचं?” चाँदभाई म्हणाले. “बैलाचा नाल म्हयन्यात झिजतो. तुमची नौका तीन वरसात येकदा बी थांबली न्हाय.”

त्यानंतर दोन तास जे चाललं, त्याला सभा म्हणावं की कज्जा, मला माहीत नाही. तिसऱ्या पाळीत मांस खाणारे आणि न खाणारे एकत्र आल्यामुळं नौकेवर दोन चुली लागणार होत्या. तर मी दुसऱ्या चुलीला खोली का दिली नाही, असा माझ्यावर आरोप. सहाव्या पाळीतल्या दोन घरांचं बोलणं नाही, तर त्यांनी बारा वर्षं एका नौकेत कसं काढायचं, हेही मलाच विचारलं. गावाबाहेरच्या वस्तीतली दोन घरं सातव्या पाळीत होती. “सातवीतच का?” मी विचारलं. त्यावर अप्पांनी वहीचं पान उलटलं.

“अहो, अशी नौका नाही आहे,” मी शेवटी म्हणालो. “ती मी घरी बसून रचली.”

“ते ठावं हाय की,” अप्पा शांतपणे म्हणाले. “आमी काय येडे हाव?”

“मग?”

“मंग काय? दिलेली पाळी मोडायची नसती.”

माझं डोकं फिरलं. सकाळपासून मोटार ढकलली होती, उन्हात उभं राहून वाचलं होतं, येसरानं जीभ सोलवटली होती. “नौका माझी आहे,” मी म्हणालो. “मी बांधली, मी जाळीन. त्यात गावाचा काय संबंध?”

खाली दगडी पायरीवर, पुरुषांपासून वेगळी, एक पन्नाशीची बाई बसली होती. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला.

“मास्तर, येक इचारू? दुसऱ्या पाळीला माजं नाव हाय. म्होरकी म्हनून. म्या ताबा घ्यायच्या आदी तुमी नौका जाळली, तर लोक काय म्हनत्याल?”

“काय म्हणतील?”

“म्हनत्याल, म्हाळसाच्या हातात यायची व्हती, तवर गेली. तिच्या हातात काय टिकतच न्हाय.”

मी हसलो. हसणारा मी एकटाच होतो, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

परत येताना अप्पांनी सांगितलं. म्हाळसाबाई गुरवाची लेक. गावातल्या एका लहानशा महादेवाच्या देवळात तिच्या बापाची पाळी होती. बाई विधवा होऊन माहेरी आली, पुढं बाप अंथरुणाला खिळला आणि सहा वर्षं त्या पाळीचं सगळं काम तिनं केलं. झाडलोट, दिवाबत्ती, बेल, पाणी. बाप गेला. भाऊ नव्हता, तेव्हा पाळी चुलतभावाकडं गेली. सिद्राम त्याचं नाव. इथवर रीतीप्रमाणंच. पण ताबा घेताना सिद्राम चारचौघांत म्हणाला, की मोठी पितळी समई दिसत नाही.

“ती समई म्हातारा हिंडता फिरता व्हता तवाच गेल्याली,” अप्पा म्हणाले. “पर लिवून कुनी ठेवलंय? तिच्या हातात देताना कायच लिवलं न्हवतं. तवापासनं कुनी तोंडावर चोर म्हनत न्हाय तिला. पर लग्नकार्यात, देवाच्या कामात कुनी तिच्या हातात भांडं देत न्हाय. बारा वरसं झाली.”

“आणि नौका दिलीत?”

अप्पा थोडे वरमले. “तिनं मागितली. गावात तर कोन काय देनार? नौका द्यायला काय जातंय, म्हनून दिली.”

मला फार राग आला. कुणाचा, ते नीट सांगता येणार नाही. मी एका भावाचा पत्ता लावायला आलो होतो. या लोकांनी बारा वर्षांची एक समई माझ्या गळ्यात बांधली होती.

संच त्या संध्याकाळी मिळाला. भाऊ तिसऱ्याच अंकात मेला होता. ज्याच्यासाठी एवढा आटापिटा केला, त्याला मी सव्वा ओळीत गाडलं होतं आणि नंतर पार विसरलो होतो. बाकीचं वाचत गेलो तशी माझीच मला लाज वाटू लागली. डावं इंजिन अकराव्या अंकात मोडलं होतं, ते पुढं कुणीच दुरुस्त केलं नव्हतं. पाण्याची टाकी तेव्हापासून गळत होती. आचारी पंधराव्या अंकात मेला आणि सोळाव्यात पानं वाढत होता. हे सगळं चाँदभाईंच्या सांगण्यावरून अप्पांच्या वहीत अंकवार टिपलेलं होतं. शाळेत मी पोरांच्या वह्या तपासतो. माझी वही अशी कुणी आजवर तपासली नव्हती.

हुरड्याच्या शेतात

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी शेतात नेलं. काळी रानं, छातीला लागणारी शाळू, कणसांवर दव आणि बांधाला गोवऱ्यांची आगटी. थंडीनं बोटं वळत नव्हती. गौराव्वा भाजलेली कणसं तळव्यावर चोळून गरम हुरडा हातावर ठेवत होत्या, वर शेंगांची चटणी आणि दही. तो हुरडा खाताना मी कुणाशीही भांडायला तयार नव्हतो. हे ओळखूनच की काय, म्हाळसाबाई आणि चाँदभाई नेमके तेव्हा बांधावरून आले.

“जाळू नका,” म्हाळसाबाई समोर बसत म्हणाल्या. “पहिल्या पाळीकडनं दुसऱ्या पाळीला ताबा द्या, आन् तितं थांबवा.”

“माझ्याकडं दोनच पानं आहेत, बाई. एकशे आठ वर्षं कुठं बसवू?”

“आमच्या देवाचा करार अर्ध्या पानात बसतो,” अप्पा म्हणाले.

“गोष्टीचा शेवट म्हणजे करारपत्र? लोक हसतील.”

“सात मानसं जाळल्यावर हसनार न्हाईत व्हय?” चाँदभाईंनी विचारलं.

मी दौत मागितली. कंटाळून मागितली, पटलं म्हणून नव्हे, हे इथं नमूद करतो. देणार, कप्तान उदयराव. घेणार, म्हाळसाबाई. उदयरावांच्या वतीनं मीच बोलायचं होतं. मी झरझर लिहायला लागलो : नौका अगस्ती, सुस्थितीत—

“थांबा,” बाई म्हणाल्या. “सुस्थितीत कुटं हाय? डावं इंजिन?”

“मोडलेलं आहे.”

“लिवा मंग. पान्याची टाकी?”

“गळते.”

“कवापासनं?”

“अकराव्या अंकापासून.”

“म्हंजे माज्या आदीपासनं. तसंच लिवा.”

एकेक वस्तू अशी निघाली. बाई प्रत्येक मोडतोड विचारायच्या, ती कुणाच्या वेळेला झाली ते वदवून घ्यायच्या आणि मगच पुढं सरकायच्या. नौका नको असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. मोडकी आहे तशीच घेते, पण मोडकी मिळाली हे कागदावर पाहिजे, एवढंच त्यांचं मागणं. मधेच त्यांनी सातव्या पाळीतली गावाबाहेरची दोन घरं आपल्या पाळीत मागून घेतली. अप्पांनी वहीत डोकं घालून नावं खोडली आणि दुसऱ्या पाळीत लिहिली. मला वाटलं, आता झालं.

“आन् येक समई,” म्हाळसाबाई म्हणाल्या.

“कसली समई? नौकेवर समई नाही.”

“व्हय. तेच लिवा. समई न्हाय. ताबा घेताना न्हवती.”

“अहो बाई, ताऱ्यांकडं जाणाऱ्या नौकेवर समई नाही हे लिहायचं कशाला? तिच्यावर जातं नाही, उखळ नाही, म्हैस नाही. तेही लिहू?”

“म्हशीचं मला कुनी इचारलं न्हाय,” त्या म्हणाल्या.

गौराव्वांच्या हातातलं कणीस तसंच राहिलं. मी अप्पांकडं पाहिलं, तर ते शाळूकडं बघत होते. मी लिहिलं : ‘समई एक. ताबा देते वेळी नव्हती. त्याआधीपासून नव्हती.’ शेवटचं वाक्य त्यांनी सांगितलेलं नव्हतं. खाली देणाराची सही मी केली. बाईंना अक्षरओळख होती. त्यांनी एकेक अक्षर कोरल्यासारखं काढलं आणि शाई वाळेपर्यंत कागदावर हात धरून बसल्या.

परत

परतीच्या वाटेवर नाक्यावर तोच अमलदार. पुन्हा कागद निघाले, पुन्हा मी वाचून दाखवलं. त्यानं रजिस्टराची मागची पानं उलटली.

“जाते वक्त तो सब मर गए थे,” तो म्हणाला.

“आता जिवंत आहेत.”

आत जाताना मेलेली सात माणसं बाहेर पडताना जिवंत कशी, याचा मेळ त्याच्या रजिस्टरात बसेना. मोटार तासभर थांबली. प्रवाशांनी मला काय काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी त्यानंच काहीतरी लिहिलं. जाताना मला विचारलं, “और वो इंजन?” मी म्हणालो, मोडलेलंच आहे. त्यानं मान हलवून पिशवी बांधून दिली.

छापखान्यात वेगळंच रामायण. संपादकांना बाई कप्तान चालली, करारपत्रही चाललं. “नवं आहे,” म्हणाले. पण समईच्या ओळीवर त्यांनी लाल रेघ ओढली. “तारानौकेत समई? वाचक मला वेड्यात काढतील.” मी विनवलं, चिडलो, पुढच्या अंकापासून लिहिणार नाही अशी धमकी दिली. त्यांनी शांतपणे आठवण करून दिली, की गोष्ट याच अंकात संपते आहे. वर खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यानं सांगितलं, मजकूर चार ओळींनी जास्त होतोय, ती ओळ तशीही बसणार नाही.

दोन पानांच्या सुरुवातीला मी आकाशगंगेचं वर्णन केलं होतं. तीन वर्षांत लिहिलेल्यातलं तेवढंच मला मनापासून आवडलेलं होतं. मी पेन्सिल घेतली, ते सगळं वर्णन काढून टाकलं आणि म्हणालो, “आता बसतं का बघा.” बसलं. संपादक माझ्याकडं बघत राहिले आणि त्यांनी लाल रेघ खोडली.

अंक निघाला. पुण्याहून दोघा वाचकांनी समईची चूक दाखवणारी पत्रं पाठवली. त्यांना मी उत्तर दिलेलं नाही, देणारही नाही. पुढं महिन्याभरानं अप्पांचं कार्ड आलं :

‘अंक पावला. देव नळदुर्गाहून परत आले. त्याच दिवशी ओवरीत अंक वाचला. सिद्राम हजर होता. समईची ओळ आली तेव्हा म्हाळसाबाईंनी मला थांबविले व अंक माझ्या हातातून घेऊन त्याच्यासमोर धरला. म्हणाल्या, हे छापून आले आहे, वाच. सिद्रामने ती ओळ सर्वांदेखत मोठ्याने वाचली.’